व्हॅनचा फोन

गेल्या गुरुवारी ऑफिसात मीटिंग चालू होती आणि टेबलावर पालथा ठेवायचा राहिलेला माझा फोन थरथरायला लागला. स्क्रीनवर नाव आलं, 'व्हॅन'. शेजारच्या मुलीने वाकून बघितलं. "अगं, तुला व्हॅनचा फोन येतोय," ती म्हणाली आणि आसपासचे दोघंतिघं हसले. मी फोन कट केला. "ड्रायव्हर आहे," म्हटलं, "आईकडच्या गाडीचा." झालं, सगळे पुन्हा पडद्यावरच्या आकड्यांकडे वळले. मला मात्र पुढची वीस मिनिटं कोण काय बोलतंय ते कळेना. कुणी विचारलंही नव्हतं. तरी इतकं सफाईदार खोटं तोंडातून निघालं, की जणू ते कधीपासून घडी घालून ठेवलेलंच होतं. खरं तर होतंच.

व्हॅन म्हणजे माझ्या आईचे दुसरे यजमान.

'यजमान' हा शब्दही मी आत्ता नाइलाजाने लिहिलाय. २००६च्या एप्रिलमध्ये त्या दोघांनी रजिस्टर लग्न केलं तेव्हा मी चौदा वर्षांची होते. ते स्वारगेटला एसटीचे वाहतूक नियंत्रक, आई सासवडच्या शाळेत शिक्षिका. रोजचा पास, रोजचा दिवे घाट, रोजची तीच सकाळची गाडी. एकदा आईला उशीर झाला म्हणून त्यांनी ती गाडी दोन मिनिटं थांबवून धरली. त्यांची प्रेमकहाणी सांगायची तर एवढीच. ऐकणाऱ्यांना ती गोड वाटते. मला तेव्हा भयंकर वाटली होती. गाडीभर माणसं, कुणाला कचेरी, कुणाला दवाखाना, आणि हा माणूस माझ्या आईसाठी सरकारी गाडी अडवून धरतो! त्यातून आजी, म्हणजे बाबांची आई, जिने माझ्या बाजूने उभं राहावं अशी माझी रास्त अपेक्षा होती, ती वाड्यातल्या बायकांना 'आमचे जावई' म्हणून त्यांची ओळख करून द्यायला लागली. "सून होती ती आता लेक झाली, मग हे जावईच की," असा तिचा हिशोब. वाड्यातल्या बायका "बरं झालं हो" म्हणायच्या. त्यातला 'हो' जरा लांबायचा.

मी ठरवलं, या माणसाला काही म्हणायचंच नाही. काका नाही, अहो नाही, काहीच नाही. मराठीत हे फार सोयीचं आहे. 'चहा हवाय का?' 'दार लावायचंय.' 'आईने बोलावलंय.' समोरच्याला हाक न मारता आख्खी वर्षं काढता येतात. आमच्या पणज्यांनी 'इकडून' आणि 'तिकडे' एवढ्या दोन शब्दांवर संसार केले, मुलं वाढवली. मला तर नुसती मे महिन्याची सुट्टी काढायची होती. गंमत अशी, की त्या घरात तसं कुणालाच नाव नव्हतं. ते आईला 'बाई' म्हणायचे, शाळेतली पोरं म्हणतात तसं. आई त्यांना 'अहो'. आणि मला ते काय म्हणत? मी हाक मारत नाही म्हटल्यावर तेही बिचारे 'ऐकलंस का' वर आले होते.

लग्नाला तीन आठवडे झाले आणि त्यांनी गुहागरची सहल काढली. 'काढली' म्हणजे अक्षरशः ट्रिप शीट काढावं तशी. एका कागदावर मार्ग, थांबे, वेळा. पुणे ते गुहागर, मार्गे सातारा, कराड, पाटण, कोयनानगर, चिपळूण. सुटण्याची वेळ पहाटे पाच. वाहन, मारुती व्हॅन. ही व्हॅन त्यांनी जुनी घेतली होती आणि आधी ती शाळेच्या मुलांची ने-आण करायची. पांढरा रंग वरून मारला होता तरी तिरप्या उन्हात मागच्या काचेखाली 'विद्यार्थी वाहतूक' ही अक्षरं वर यायची. रस्त्याकडेची शेंबडी पोरं आम्हाला हात करायची. मी मान खाली घालून बसायचे.

आता पुढच्या सीटबद्दल. आई पुढे बसणार हे सगळ्यांनी गृहीत धरलं होतं. म्हणून मी आधीच जाऊन पुढे बसले. आईने त्यांच्या शेजारी बसून मला मागे पिशव्यांबरोबर टाकायचं, हे मी होऊ देणार नव्हते. डाव फार हुशारीचा होता. फक्त दोन गोष्टी लक्षात आल्या नव्हत्या. एक, यामुळे दिवसभर त्या माणसाच्या शेजारी मी बसणार होते. आणि दोन, मारुती व्हॅनचं इंजिन पुढच्या सीटखाली असतं. शिरवळ येईपर्यंत माझी सीट तव्यासारखी झाली होती. मे महिना, गॅस किटचा तो उग्र वास, खालून इंजिन, वरून पत्रा. मागे आई आजीने दिलेल्या दशम्यांच्या डब्यावर पाय टेकवून, काच उघडून, वाऱ्यावर गाढ झोपली होती. इतकी निवांत झोपलेली मी तिला कित्येक वर्षांत पाहिली नव्हती. तेही मला आवडलं नाही.

खंबाटकी घाट अर्धा चढलो आणि व्हॅन तापली. ते खाली उतरले, माझ्या बाजूचं दार उघडून म्हणाले, "जरा उठायला लागेल." मी उठले. त्यांनी माझी सीट उचलली आणि खालून हे एवढं इंजिन बाहेर आलं. पुढचा पाऊण तास मी घाटाच्या कठड्याशी, हातात स्वतःच्या सीटची गादी धरून उभी होते. शेजारून एसट्या चढत होत्या आणि त्यातल्या निम्म्या गाड्यांचे चालक त्यांना ओळखून हॉर्न देत होते. प्रत्येक हॉर्नला ते हात वर करून गाडीचा नंबर, डेपो आणि किती मिनिटं उशिरा धावतेय ते मला सांगत होते. मी म्हणाले, "बाबा हा घाट थांबायचेच नाहीत. एका दमात चढायचे. चौथ्या गिअरमध्ये."

"हो का?" ते म्हणाले.

बाबांकडे चारचाकी कधीच नव्हती. एक बजाज होती, तीही बहुतेक वेळा तिरपी करून सुरू करावी लागायची. आणि आम्ही तिच्यावरून घाट चढल्याचं मला आठवत नव्हतं. सगळ्यात मोठी पंचाईत ही, की मला फारसं काहीच आठवत नव्हतं. बाबा गेले तेव्हा मी सहा वर्षांची होते. दाढीचा साबण, मान वर करून शर्टाचं वरचं बटण लावायची सवय, आणि दवाखान्यातला एक हिरवा पडदा. एवढ्या भांडवलावर मी त्यांच्या वतीने भांडायला निघाले होते. भांडवल कमी पडलं की माणूस उसनवारी करतो. मी त्या दिवशी बाबांना इतके गुण उसने दिले, की परत आले असते तर स्वतःलाच ओळखते ना.

साताऱ्याला आम्ही एसटी स्टँडवर थांबलो. हमरस्त्यावर स्वच्छ हॉटेलं होती, बाहेर रंगीत छत्र्या, आत पंखे. पण त्यांचा विश्वास फक्त स्टँडवर. स्टँडवरचा चहा, स्टँडवरचा नळ, स्टँडवरची मुतारी. व्हॅन लावल्यावर किल्लीने स्टिअरिंगवर टकटक करायचे, कंडक्टर असतानाची सवय, आणि स्टँडच्या भोंग्यातला तो नाकातला आवाज काढून म्हणायचे, "प्रवाशांनी कृपया इकडे लक्ष द्यावे. गाडी येथे दहा मिनिटं थांबेल." आई दर वेळी हसायची. एकच विनोद सहा स्टँडांवर, आणि ती सहाही वेळा हसली. ते व्हॅनला 'निमआराम' म्हणायचे. मला 'हाफ तिकीट' म्हणून पाहिलं एकदा. मी बारा वर्षांनंतर हाफ तिकीट नसतं हे त्यांच्याच महामंडळाच्या नियमावर बोट ठेवून सुनावलं. ते जरा विचारात पडले आणि म्हणाले, "बरोबर आहे. चूक झाली." त्यांनी खरोखरच पुन्हा कधी म्हटलं नाही. एखाद्याशी भांडायचं असावं आणि त्याने नियम मान्य करावा, याच्यासारखा वैताग नाही.

उंब्रजवरून आत वळलो असतो तर पाटणला लवकर पोचलो असतो, हे आईनेसुद्धा सांगितलं. पण कागदावर 'मार्गे कराड' लिहिलं होतं. कराडच्या कॅन्टीनमध्ये त्यांचे जुने सहकारी भेटले. त्यांनी आईची ओळख करून दिली, "या आमच्या बाई." मग माझ्याकडे वळले आणि अडकले. मी भिंतीवरचं वेळापत्रक वाचत होते, पण कान तिकडेच. मुलगी म्हटलं असतं तर मी तिथेच काहीतरी बोलणार होते, तयारीच होती. ते म्हणाले, "आणि या पुढच्या सीटवर असतात." सहकाऱ्यांनी गंभीरपणे मान हलवली, जणू तो एक हुद्दा आहे.

तिथून प्रीतिसंगमावर गेलो. कृष्णा आणि कोयना समोरासमोर येऊन भिडतात, अशा मिळणाऱ्या नद्या फार थोड्या, हे ते मला सांगणार एवढ्यात मी म्हणाले, "माहितेय. बाबांनी दाखवलाय मला." कराडला मी जन्मात पहिल्यांदा आले होते. "हो का? मग यातली कृष्णा कुठली?" त्यांनी विचारलं. परीक्षा घेतल्यासारखं नाही, खरंच कौतुकाने. मी हात करून दाखवली. घाटावर कपडे धूत बसलेली एक बाई माझ्याकडे बघून हसली, त्यावरूनच मला समजायला हवं होतं. ते म्हणाले, "हो का," आणि गप्प नदीकडे बघत राहिले. आई पदराने चष्म्याची काच पुसत होती. फार वेळ पुसत होती.

कोयनानगरच्या आसपास त्यांनी त्याच भोंग्याच्या आवाजात सुरुवात केली, "डाव्या हाताला..." आणि मध्येच आवाज साधा झाला. ते पाटणकडचे. ११ डिसेंबर १९६७च्या पहाटे भूकंप झाला तेव्हा ते आठ वर्षांचे होते. "आमच्यात माणूस कुणी गेलं नाही," ते म्हणाले, "म्हैस गेली. भिंतीखाली." थोड्या वेळाने म्हणाले, "आई मग दोन वर्षं घरात झोपली नाही. अंगणात. थंडीत पण." मी त्यावर बाबांचं काहीतरी काढायला पाहिजे होतं. काढलंही असतं, पण म्हशीच्या तोडीचं काही सुचेना. मी एवढंच विचारलं, की म्हशीचं नाव काय होतं. त्यांनी सांगितलं. त्या प्रवासात आमचं झालेलं ते पहिलं संभाषण, आणि ते एका मेलेल्या म्हशीबद्दल होतं.

मग कुंभार्ली घाट.

घाट उतरायला लागलो तेव्हा उन्हं कलली होती. वळणावर वळण, समोरून ट्रक, खालून गॅसचा वास, आणि पोटात साताऱ्याचा चहा, कराडचा चहा, पाटणचा चहा. चिपळूणच्या बाजूची दरी एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "गाडी लागतेय का?" मी म्हणाले, "आमच्याकडे कुणालाच लागत नाही. बाबांना तर कधीच..." आणि हे वाक्य पुरं व्हायच्या आत मला भडभडून आलं. पुढची काच, माझा फ्रॉक, गिअरचा दांडा आणि त्यांचा डावा हात. ते हलले नाहीत. गाडी सावकाश बाजूला घेतली, हात तसाच ठेवून. मग उतरले, सीटमागून एक पिशवी काढली. त्यात वर्तमानपत्रं, पाण्याचा कॅन, आवळासुपारी, लिंबू आणि रॉकेलचा बोळा होता. वीस वर्षं एसटीत काढलेल्या माणसाची पिशवी. "काही नाही, काही नाही," ते पुटपुटत होते, "गाडी आहे म्हटल्यावर लागणारच." रस्त्याच्या कडेला करवंदांच्या जाळीशी मी वाकून उभी आणि पाठीवर आईचा हात.

"तुझ्या बाबांनासुद्धा लागायची," आई म्हणाली.

मी मान वर करून पाहिलं. "स्वारगेट सोडलं की कात्रजला यांचं सुरू," ती सांगत होती. "आमच्या लग्नानंतर पहिल्यांदा बसने गेलो ना, तर माझा नवा रुमाल. खिडकी यायचीच नाही वेळेवर." ती हसायला लागली. मग मीही, तोंडात आंबट चव तशीच असताना. ते व्हॅनच्या पलीकडे कॅनच्या पाण्याने हात धूत होते. तोंड दरीकडे. ऐकू येत नसावं असं उभे होते, पण त्या घाटात सगळं ऐकू येतं.

त्या दिवसभरात बाबांबद्दल मला मिळालेली खरी गोष्ट तेवढी एक. त्यांना गाडी लागायची. मला ती इतकी आवडली, की चिपळूण येईपर्यंत मी ती मनातल्या मनात घोळवत होते. चौथ्या गिअरवाल्या बाबांपेक्षा हे रुमालवाले बाबा मला जास्त ओळखीचे वाटले. आणि मग हळूहळू लक्षात आलं, की ते यांनाही माहीत असणार. आईने सांगितलंच असणार, बजाजचं, रुमालाचं, सगळं. म्हणजे खंबाटकीपासून तो माणूस सगळं माहीत असून नुसतं 'हो का' म्हणत आला होता. मला लाज वाटली आणि त्या लाजेचाही राग आला. पुढे गुहागरपर्यंत मी मागे झोपले. आई पुढे बसली. एवढ्या प्रवासानंतर अखेर ज्याची जागा त्याला मिळाली आणि पाच मिनिटांत ती म्हणाली, "अहो, ही सीट केवढी तापते!"

गुहागरचं काय सांगू, सगळे जाऊन आलेले आहात. व्याडेश्वर, सुरूची झाडं, पायाला चटके देणारी पांढरट वाळू, आणि ज्यांच्या घरी उतरलो होतो त्या काकूंच्या हातचा मोदक, ज्याची पारी इतकी पातळ की आतलं सारण दिसावं. मी दोन दिवस फक्त क्रियापदांत बोलले.

तिसऱ्या दिवशी एन्रॉनचा फाटा मागे टाकून धोपाव्याला आलो. तिथून फेरीबोटीने खाडी ओलांडून दाभोळ, मग दापोली. व्हॅन बोटीवर चढवताना त्यांचा चेहरा बघण्यासारखा होता. आयुष्यभर फलाटावर उभं राहून दुसऱ्यांच्या गाड्या सोडल्या, आणि आता स्वतःची गाडी पाण्यावर. आई व्हॅनमध्येच बसून मला पलीकडचा किनारा दाखवत होती. तिकडे मुरूड, अण्णासाहेब कर्व्यांचं. तिथून मुलगा चालत साताऱ्याला परीक्षेला गेला आणि वयाने लहान दिसतो म्हणून बसूच दिलं नाही, हा शाळेतला धडा तिने पुन्हा ऐकवला. मग म्हणाली, "१८९३ साली त्यांनी विधवेशी लग्न केलं तर याच गावाने वाळीत टाकलं." म्हणाली आणि थांबली. वाड्यातल्या बायकांचा तो लांबलेला 'हो' आम्हा दोघींनाही एकदमच ऐकू आला असणार. ते खिडकीशी वाकून ऐकत होते. "तेव्हा एसटी नव्हती," ते म्हणाले. "असती तर कंडक्टरने तिकीटपण दिलं नसतं." आणि वरच्या डेकवरून बोट कशी चालते ते बघायला निघून गेले.

दाभोळ आलं. बोटीचा फाळका धाडकन खाली पडला. आमची व्हॅन सगळ्यात पुढे, मागे दोन सुमो, एक टेम्पो, आठदहा मोटारसायकली, आणि आमचा चालक वर. बोटीवरचा पोऱ्या ओरडायला लागला, "व्हॅन कुणाची? व्हॅन काढा!" मागून हॉर्न. आईला डुलकी लागलेली. मी खाली उतरले, वर बघितलं. ते कठड्याला रेलून, पाठ करून, इंजिनवाल्याशी गप्पा मारत होते. हाक मारणं भागच होतं. मी तोंड उघडलं आणि आत काहीच नव्हतं. काका ओठांवर येईना. अहो म्हणणं शक्य नाही, ते आईचं. आडनावाने हाक कशी मारणार? हॉर्न वाढले. टेम्पोवाल्याने एक शिवी दिली. आणि मी जिवाच्या आकांताने ओरडले,

"ओ व्हॅन!"

सगळी बोट हसली. पण ते वळले. पाच-पन्नास माणसांच्या गलक्यात, तेवढ्याच हाकेला, लगेच. "आलो, आलो!" म्हणत लोखंडी जिन्यावरून धडधडत उतरले, एक चप्पल वरच्या पायरीवर राहिली ती घ्यायला परत गेले, पुन्हा उतरले. व्हॅन सुरू करताना त्यांचे कान लाल झाले होते. मला वाटलं रागावले. दाभोळच्या चढावर त्यांनी किल्लीच्या जुडग्याने स्टिअरिंगवर टकटक केलं आणि भोंग्याच्या आवाजात, पण अगदी हळू, म्हणाले, "व्हॅन फलाट सोडत आहे." आई मागे जागी झाली आणि काहीही कळलेलं नसताना हसली. सातव्यांदा.

दोन वर्षांनी मला पहिला मोबाइल मिळाला तेव्हा त्यात नाव काय टाकायचं हा प्रश्नच आला नाही. व्हॅन पुढे भंगारात गेली, ते निवृत्त झाले, दोघं सासवडला राहायला गेले, आजी जाताना 'जावयांना बोलवा' म्हणाली. फोन पाच-सहा बदलले. नाव तेच. मी अजूनही त्यांना काही म्हणत नाही. आमचं सगळं क्रियापदांतच चालतं, फक्त आता ते पुरतं.

गुरुवारी रात्री मी उलटा फोन केला. "बोला, स्वारगेट," ते नेहमीसारखं म्हणाले. मागे कुकरची शिट्टी झाली. शनिवारी येणार असशील तर सव्वासहाची पकड, सातची हडपसरलाच भरते, हे सांगायला दुपारी फोन केला होता. माझ्याकडे आठ वर्षं स्वतःची गाडी आहे. मी मध्येच विचारलं, "माझा नंबर कुठल्या नावाने ठेवलाय?" ते म्हणाले, "नंबर कशाला ठेवायचे? पाठ असतात," आणि माझा दहा आकडी नंबर एका दमात म्हणून दाखवला, मध्ये एक थांबा घेऊन. "का गं?"

"काही नाही. दुपारी रेंज नव्हती, म्हणून उचलला नाही."

"हो का?" ते म्हणाले.